हातचं सोडून पळत्याच्या पाठी: फिलाडेल्फिया ईगल्सची एकविसावी निवड

२४ एप्रिल २०२०, शुक्रवार सकाळ. पुण्यात टाळेबंदीचा पाचवा आठवडा चालू होता, दूधवाला सोडून रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि मी चहाचा कप घेऊन अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचा सोहळा, बघत बसलो होतो. तिकडे अजून गुरुवारची रात्र होती. हा सोहळा खरं तर लास व्हेगासला मोठ्या थाटात व्हायचा होता. करोनामुळे एनएफएलचे, म्हणजे या खेळाच्या लीगचे, आयुक्त रॉजर गुडेल स्वतःच्या घराच्या तळघरात बसून एकेक नाव पुकारत होते आणि संघांचे कारभारी आपापल्या घरून संगणकासमोर बसले होते.

एकविसावा नंबर फिलाडेल्फिया ईगल्सचा. पहिल्या फेरीत तेव्हा प्रत्येक संघाला दहा मिनिटं मिळायची. ईगल्सना वाइड रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन चेंडू झेलणारा खेळाडू, हवा होता हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. यादीत दोन ठळक नावं उरली होती: लुइझियाना स्टेट कॉलेजचा जस्टिन जेफरसन आणि टेक्सस ख्रिश्चन कॉलेजचा जेलन रेगर. ईगल्सनी रेगरला घेतलं. पाठोपाठ बाविसाव्या नंबरवर मिनेसोटा व्हायकिंग्सनी जेफरसनला उचललं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्सुकता ताणायचा प्रश्न नाही. जेफरसनने पहिल्या पाच हंगामांत ७,४३२ यार्ड केले, म्हणजे झेललेल्या चेंडूंवर संघाला एवढं अंतर पुढे नेलं. कारकिर्दीच्या पहिल्या पाच वर्षांत इतके यार्ड आजवर कुणाचेच नाहीत. रेगरने फिलाडेल्फियात काढलेल्या दोन हंगामांत ६४ झेल घेतले आणि ६९५ यार्ड केले.

निकाल हातात असताना 'काय मूर्ख लोक' म्हणायला काही लागत नाही. मला या प्रकरणात रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. ईगल्सचे जनरल मॅनेजर हावी रोझमन काही कच्चे खेळाडू नव्हेत. दोनच वर्षांपूर्वी या संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला होता. खेळाडू हेरणारे स्काउट होते, आकडे होते, तासन्‌तास पाहिलेली सामन्यांची टेप होती. तरीही ते चुकीच्या नावापर्यंत पोचले, आणि पोचताना प्रत्येक पायरीवर त्यांच्याकडे पटण्यासारखं कारण होतं.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन परिच्छेद. एनएफएलमध्ये ३२ संघ. कॉलेजातून येणारी नवी मुलं सात फेऱ्यांमध्ये वाटून घ्यायची, आणि गेल्या हंगामात जो तळाला त्याला आधी संधी. निवडीचा हक्क हा चलनासारखा असतो. तो विकता येतो, बदलता येतो, पुढच्या वर्षीचासुद्धा. २०११ पासून नवख्यांचं मानधन निवडीच्या क्रमांकाप्रमाणे जवळपास ठरलेलं असतं. करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडे. रेगर आणि जेफरसन दोघांचे करार साधारण १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरातले. म्हणजे दुकानात दोन वस्तू शेजारी ठेवल्या होत्या आणि किंमत एकच होती.

वाइड रिसीव्हरचं काम वरवर पाहता सोपं: पळायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायचा. त्याच्यासमोर कॉर्नरबॅक हा बचावपटू उभा असतो, त्याला चकवून मोकळी जागा काढणं हीच खरी कला. कबड्डी बघणाऱ्याला हे चटकन कळेल. चांगला चढाईवीर बचावपटूला खांद्याने एकीकडे बोलावतो आणि पाय दुसरीकडे टाकतो. त्या अर्ध्या क्षणात डाव होतो. रिसीव्हरच्या पहिल्या तीन पावलांत तेच घडतं. नुसता वेग असेल तर कॉर्नरबॅक दोन पावलं मागे उभा राहून तो पचवतो. वेग कधी वापरायचा आणि कधी लपवायचा हे ज्याला कळतं, त्याला धरणं अवघड.

आता ईगल्सची जखम. ती २०२० ची नव्हे, त्याआधीच्या वर्षाची. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये ५७ व्या क्रमांकावर त्यांनी स्टॅनफर्डचा जे. जे. आर्सेगा-व्हाइटसाइड घेतला. उंच, दणकट, गर्दीत उडी मारून चेंडू काढणारा. सात नंबर मागे, ६४ वर, सिअ‍ॅटल सीहॉक्सनी डी. के. मेटकाफ घेतला. मेटकाफ सव्वासहा फुटांचा, २२८ पौंडांचा, आणि चाळीस यार्ड पळायला त्याला ४.३३ सेकंद लागले होते. कॉलेजात मानेला दुखापत झालेली आणि दिशा बदलायच्या चाचणीत वेळ वाईट, म्हणून तो इतका खाली घसरला होता.

त्या हंगामात ईगल्सचे रिसीव्हर एकामागून एक कोसळले. डिशॉन जॅक्सन हा तेहतिशीला आलेला, पण अजूनही बाणासारखा सुटणारा खेळाडू. पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध त्याने ८ झेल घेऊन १५४ यार्ड केले, पन्नास यार्डांच्या पुढचे दोन टचडाउन मारले (चेंडू गोलरेषेपार नेला की टचडाउन). मग तो जायबंदी झाला आणि अख्ख्या हंगामात मिळून तीनच सामने खेळला. अल्शॉन जेफरी जखमी. नेल्सन अ‍ॅगहोलरच्या हातातून चेंडू निसटायचे. डिसेंबरात चेंडू झेलायला उभा होता ग्रेग वॉर्ड, जो कॉलेजात क्वार्टरबॅक होता आणि सराव-पथकातून वर आणला होता. क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झने हंगामात ४,०३९ यार्ड फेकले, पण संघातल्या एकाही वाइड रिसीव्हरचे ५०० यार्ड भरले नाहीत. असं लीगच्या इतिहासात आधी कधी झालं नव्हतं. आर्सेगा-व्हाइटसाइडचे वर्षभराचे झेल १०, यार्ड १६९.

आणि ५ जानेवारी २०२० ला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, समोर आला नेमका सिअ‍ॅटल. वेंट्झ डोक्याला मार लागून सुरुवातीलाच बाहेर. त्याच्या जागी चाळीस वर्षांचा जॉश मकाउन. ईगल्स १७-९ ने हरले. सात झेल, १६० यार्ड आणि एक टचडाउन, असं त्यांचं वाटोळं करणारा खेळाडू होता मेटकाफ. नवख्या खेळाडूसाठी तो तेव्हा प्लेऑफमधला विक्रम होता. फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांसमोर, त्यांच्याच मैदानावर.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ईगल्सनी त्या हिवाळ्यात स्वतःशी काय खूणगाठ बांधली असेल ते त्यांच्या पुढच्या खरेदीवरून वाचता येतं. त्या एका ड्राफ्टमध्ये त्यांनी तीन रिसीव्हर घेतले: एकविसावा रेगर, १६८ वा जॉन हायटावर, २०० वा क्वेझ वॉटकिन्स. तिघेही वेगवान. वर सॅन फ्रान्सिस्कोकडून मामुली किमतीत मार्कीस गुडविन आणला, जो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडी मारून आलेला. (करोनामुळे तो त्या हंगामात खेळलाच नाही.) गेल्या वर्षी दणकट घेतला, फसला; या वर्षी सरसकट पळणारे. 'पुढचा डिशॉन जॅक्सन' नावाची एक रिकामी चौकट भिंतीवर टांगली गेली आणि मग तिच्यात बसेल असा चेहरा शोधायला माणसं निघाली.

त्या वर्षीचं पीक बहारदार होतं, हे मान्य केलं पाहिजे. पहिल्या फेरीत सहा रिसीव्हर गेले. बाराव्या नंबरवर हेन्री रग्ज, ४.२७ सेकंदांचा. पंधराव्यावर जेरी ज्यूडी, सतराव्यावर सीडी लॅम, मग आपले दोघे, आणि पंचविसाव्यावर ब्रँडन आयुक. दुसऱ्या फेरीत आणखी सात. त्यात टी हिगिन्स आणि मायकल पिटमन हे तर फेरी उघडल्या उघडल्या गेले. इतकं पीक असताना घाई नको हा एक विचार, आणि चांगला दाणा पारखून घ्यावा हा दुसरा. ईगल्सनी दाणा पारखला, पण ज्या चाळणीतून पारखला ती आधीच ठरलेली होती.

ती चाळणी दोघांना कशी लावली गेली ते जरा जवळून बघू.

रेगर. वडील माँटे रेगर स्वतः एनएफएलमध्ये बचावफळीत खेळलेले, शेवटचा हंगाम ईगल्सकडूनच. २०१८ मध्ये मुलाने कॉलेजात ७२ झेल घेऊन १,०६१ यार्ड केले, ९ टचडाउन. २०१९ मध्ये आकडे कोसळले: ४३ झेल, ६११ यार्ड. कारण समोर होतं, क्वार्टरबॅक पहिल्या वर्षाचा पोरगा होता आणि त्याचे पन्नास टक्क्यांहून थोडेच जास्त चेंडू पोचत होते. फेब्रुवारीत इंडियानापोलिसला सगळ्या मुलांच्या शारीरिक चाचण्या होतात, त्याला कम्बाइन म्हणतात. तिथे रेगरने ४२ इंचांची उभी उडी मारली, साडेअकरा फुटांची आडवी उडी मारली. अंगात स्प्रिंग बसवल्यासारखी. चाळीस यार्ड मात्र ४.४७ सेकंदांत. वजन २०६ पौंड होतं, नेहमीपेक्षा जास्त, म्हणून वेग कमी पडला अशी सारवासारव झाली. कॉलेजातली चाचणी करोनामुळे रद्द झाल्यावर त्याने स्वतः चित्रित केलेल्या धावण्यात याहून बराच चांगला वेळ काढल्याचं सांगितलं गेलं. घरच्या स्टॉपवॉचवर पोरगा नेहमीच जोरात पळतो, हे शाळेच्या क्रीडादिनाला गेलेला कुठलाही बाप सांगेल.

जेफरसन. दोन थोरले भाऊ याच कॉलेजात खेळून गेलेले, तरी कॉलेजात येईपर्यंत हा कुणाच्या फारसा डोळ्यात भरला नव्हता. २०१७ मध्ये एकही झेल नाही. २०१८ मध्ये ५४ झेल, ८७५ यार्ड. २०१९ मध्ये लुइझियाना स्टेटने पंधराच्या पंधरा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, क्वार्टरबॅक जो बरोने ६० टचडाउन फेकले, आणि जेफरसनचे झेल झाले १११, यार्ड १,५४०, टचडाउन १८. २८ डिसेंबर २०१९ ला ओक्लाहोमाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने १४ झेल आणि २२७ यार्ड केले. चार टचडाउन मारले, चारही मध्यंतराआधी. आणि त्या दिवशी ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक होता जेलन हर्ट्स, ज्याला चारच महिन्यांनी ईगल्सच त्रेपन्नाव्या नंबरवर निवडणार होते.

मग जेफरसनमध्ये खोट काढली ती कोणती? एकच: तो स्लॉटमध्ये खेळतो. स्लॉट म्हणजे कडेला नव्हे, आतल्या बाजूला उभं राहणं. तिथे बचावपटू अंगावर येऊन धक्का देत नाही, आणि रिसीव्हरला डावी-उजवी दोन्ही दारं उघडी असतात. कडेच्या रिसीव्हरच्या एका हाताला मैदानाची रेषा असते, म्हणजे अर्धं दार बंदच. तेव्हा चर्चा अशी की हा आतल्या बाजूचा हुशार खेळाडू आहे, पण बाहेर अंगावर येणारा कॉर्नरबॅक मिळाला की गुदमरेल. आणि ईगल्सची आतली बाजू तर आधीच भरलेली. झॅक अर्ट्झ आणि डॅलस गॉडर्ट हे दोन टाइट एंड, म्हणजे आतल्या बाजूने चेंडू झेलणारे धिप्पाड गडी, मधल्या पट्ट्यात खेळायचे आणि २०१९ मध्ये दोघांनी मिळून १४६ झेल घेतले होते. मग आणखी एक आतलाच माणूस कशाला?

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. मी त्या सकाळी स्वतः मान डोलावली होती.

पण तो दोन ठिकाणी फसतो. जेफरसन २०१९ मध्ये स्लॉटमध्ये होता, कारण जो ब्रेडी नावाच्या नव्या प्रशिक्षकाने आक्रमणाची मांडणीच बदलली आणि बाहेर जमार चेस होता. चेसने त्या वर्षी १,७८० यार्ड केले. त्याला आत आणून जेफरसनला बाहेर ठेवायची कुणाला हौस असणार? २०१८ मध्ये मात्र हाच जेफरसन बहुतेक वेळ कडेला खेळत होता. संघाचं आक्रमण तेव्हा जुन्या वळणाचं होतं, बरो नुकताच आला होता, पोरगं १९ वर्षांचं होतं, आणि तरी संघात सर्वाधिक यार्ड त्याचेच. प्रश्नाचं उत्तर एक वर्ष मागच्या टेपमध्ये होतं.

दुसरी मेख माझ्या मते जास्त महत्त्वाची. दोघांना दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्या लावल्या गेल्या. रेगरचे आकडे कमी, तर क्वार्टरबॅकचा दोष. जेफरसनचे आकडे जास्त, तर क्वार्टरबॅकचं श्रेय. रेगर ४.४७ पळाला तर वजनामुळे. जेफरसन ४.४३ पळाला, म्हणजे 'वेगवान' रेगरपेक्षा जोरात, तर तो आकडा 'अपेक्षेपेक्षा बरा' म्हणून बाजूला. दिशा बदलायच्या चाचणीत रेगरचा वेळ खराब आला. आदल्या वर्षी त्याच चाचणीवरून मेटकाफला मागे टाकलं होतं, आणि या वर्षी मेटकाफची आठवण असल्यामुळे त्या चाचणीला कोणी भीक घातली नाही. माणूस एकदा आवडला की पुरावा त्याच्या बाजूने वाकू लागतो. आपल्याकडे स्थळं बघताना घरोघरी हेच चालतं: आवडलेल्या मुलाची चष्म्याची काच 'अभ्यासू' आणि नावडत्याची 'जाड'.

इथे एक हिशेब मांडायला हवा, कारण ईगल्सचे चाहते अजूनही म्हणतात की खरा डाव लॅमचा होता. सीडी लॅम सतराव्या नंबरपर्यंत घसरत आला आणि त्यांच्या सगळ्यात कट्टर प्रतिस्पर्ध्याने, डॅलस काउबॉइजने, उचलला. त्याला गाठायचं तर निदान सोळाव्या नंबरवर, अटलांटाच्या जागी जायला हवं होतं. निवडींच्या देवघेवीसाठी डॅलसचे जुने प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळापासून एक गुणांचा तक्ता वापरतात. त्यात सोळावी निवड १,००० गुणांची, एकविसावी ८०० ची. फरक २०० चा. ८५ वी निवड, म्हणजे ईगल्सची स्वतःची तिसऱ्या फेरीची, १६५ गुणांची. ती खिशात असती तर वर थोडी चिल्लर टाकून बोलणी तरी झाली असती. पण ती मार्चमध्येच डेट्रॉइटला गेली होती, डेरियस स्ले नावाच्या कॉर्नरबॅकच्या बदल्यात. अटलांटा तयार झाला असता की नाही, ते सोडा. ८५ नंबर आणि स्ले, दोन्ही ध्यानात ठेवा.

बाविसावा नंबर मिनेसोटाकडे कसा आला तेही पाहण्यासारखं. त्यांचा नावाजलेला रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज नाराज होता. मार्चमध्ये त्यांनी त्याला बफेलोला दिलं आणि बदल्यात इतर काही निवडींसह हा पहिल्या फेरीचा हक्क घेतला. डिग्जने बफेलोत त्याच वर्षी १२७ झेल आणि १,५३५ यार्ड केले, लीगमध्ये दोन्ही सर्वाधिक. जेफरसनने मिनेसोटात त्याच वर्षी १,४०० केले. असा व्यवहार क्वचित होतो, ज्यात दोन्ही घरी पेढे वाटले जातात.

तिथेही सुरुवात धडाक्यात नव्हतीच. पहिले दोन सामने जेफरसन राखीव रिसीव्हरसारखा वापरला गेला. तिसऱ्या सामन्यात टेनेसीविरुद्ध त्याला पूर्ण संधी मिळाली आणि त्याने ७ झेल, १७५ यार्ड केले. मग तो पुन्हा कधी बाकावर बसला नाही. बाहेर गुदमरेल म्हणत होते, तो बाहेरच खेळून २०२२ मध्ये १२८ झेल आणि १,८०९ यार्डांवर पोचला आणि वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, बफेलोच्या मैदानावर, सामना हातातून गेलेला, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, अठरा यार्डांची गरज: बचावपटूचे दोन्ही हात चेंडूवर असताना जेफरसनने मागे झुकून एका हाताने तो ओरबाडून घेतला. बफेलोकडून आलेल्या निवडीने बफेलोलाच ३३-३० असं घरी हरवलं.

रेगरबद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. पहिल्याच सामन्यात त्याने ५५ यार्डांचा चेंडू झेलला होता. दुसऱ्या सामन्यात अंगठ्याचा अस्थिबंध फाटला, पाच सामने गेले. डिसेंबरात ग्रीन बेविरुद्ध त्याने पंट, म्हणजे समोरच्या संघाने लाथेने उडवलेला चेंडू, झेलून ७३ यार्ड पळत टचडाउन मारला. म्हणजे त्याच्याकडे काहीच नव्हतं असं नाही. मोकळं मैदान मिळालं की तो पळायचा. मोकळं मैदान मिळवणं त्याला जमत नव्हतं. पहिल्या वर्षी ३१ झेल, दुसऱ्या वर्षी ३३. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध ईगल्स १३-७ ने मागे होते, शेवटचं मिनिट चालू होतं, आणि गोलरेषेजवळ आलेला चेंडू त्याच्या हातांना लागून खाली पडला. त्या शहरात या क्षणानंतर माणसाला घराबाहेर पडणं अवघड होतं.

आणि जेफरसन फिलाडेल्फियात आला असता तर? २०२० मध्ये तो संघ ४ विजय, ११ पराभव आणि एका बरोबरीत बुडाला. वेंट्झने १५ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिले. तिथे १,४०० यार्ड झाले नसते, असं मला वाटतं. पण पहिल्या फेरीची निवड एका हंगामासाठी नसते.

माझ्या लेखी या प्रकरणाचं खरं दुखणं इथेच आहे. रेगरला ज्या घरासाठी निवडलं ते घर पाहा. प्रशिक्षक डग पीडरसन जानेवारी २०२१ मध्ये गेले. ज्याची जागा भरायची होती तो डिशॉन जॅक्सन फेब्रुवारीत. ज्याच्या लांब फेकीसाठी पळणारा माणूस हवा होता तो वेंट्झ त्याच सुमारास इंडियानापोलिसला. ज्याच्यामुळे आतली बाजू 'भरलेली' होती तो अर्ट्झ ऑक्टोबरात अ‍ॅरिझोनाला. दीड वर्षात चौकट, खिळा आणि भिंत तिन्ही गेली; चार वर्षांच्या करारावरचा माणूस तेवढा उरला. आजच्या संघातली फट बघून माणूस घेतला, आणि आजचा संघ उद्या राहिला नाही.

चूक कबूल करणं एकवेळ जमतं, चुकीला मिठी मारून न बसणं त्याहून कठीण. २०२१ मध्ये ईगल्सकडे सहावा नंबर होता. तो त्यांनी मायामीला देऊन बारावा घेतला आणि वर २०२२ ची पहिली फेरी मिळवली. मग ड्राफ्टच्या रात्री तिसऱ्या फेरीची ८४ वी निवड डॅलसला देऊन बाराव्यावरून दहाव्यावर उडी मारली, अकराव्या नंबरवर बसलेल्या जायंट्सच्या नाकासमोरून, आणि अलाबामाचा डिव्हाँटा स्मिथ घेतला. गंमत बघा, स्मिथ कुठल्याच चौकटीत बसत नव्हता. वजन कसंबसं १६६ पौंड. चाळीस यार्डांची वेळ नाहीच. होतं ते एवढंच की कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी त्याने ११७ झेल, १,८५६ यार्ड, २३ टचडाउन केले होते आणि हाइजमन हा कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान मिळवला होता. 'गेल्याच वर्षी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतलाय, पुन्हा कशाला' असं म्हणून रेगरची अब्रू राखता आली असती. रोझमननी ती राखली नाही. स्मिथने पहिल्या वर्षी ९१६ यार्ड केले. ईगल्सच्या नवख्यांमधला जुना विक्रम ९१२ चा होता, २००८ मधला. कुणाचा? डिशॉन जॅक्सनचाच.

२०२२ मध्ये त्यांनी आणखी पुढची पायरी गाठली: पारखायचंच नाही, पारखलेलं विकत घ्यायचं. २८ एप्रिलच्या रात्री टेनेसीला १८ वी आणि १०१ वी निवड देऊन त्यांचा रिसीव्हर ए. जे. ब्राउन आणला आणि त्याच्याशी चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला. टेनेसीने त्या १८ व्या नंबरवर ट्रेलॉन बर्क्स घेतला, तसाच थोराड, तशाच बांध्याचा, स्वस्त. दुसऱ्याच्या घरातली रिकामी चौकट आता टेनेसीच्या भिंतीवर होती. डिसेंबरात ब्राउनने जुन्या संघाविरुद्ध ११९ यार्ड आणि दोन टचडाउन केले, ईगल्स ३५-१० ने जिंकले, आणि दोन दिवसांनी टेनेसीने आपल्या जनरल मॅनेजरला घरी पाठवलं.

ऑगस्ट २०२२ मधल्या दोन छोट्या बातम्या तेव्हा फार कोणी शेजारी ठेवून वाचल्या नाहीत. महिन्याच्या मध्यावर ईगल्सनी आर्सेगा-व्हाइटसाइडला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं: सिअ‍ॅटलला, मेटकाफच्या घरी. ३१ तारखेला रेगरला खालच्या फेऱ्यांच्या दोन निवडींच्या बदल्यात दिलं: मिनेसोटाला, जेफरसनच्या घरी.

तीनच आठवड्यांनी, १९ सप्टेंबरला, व्हायकिंग्स फिलाडेल्फियात खेळायला आले. आपल्याकडे मंगळवारची पहाट. आता टाळेबंदी नव्हती, ऑफिस होतं, तरी गजर लावून उठलो. एका बाकावर जेफरसन आणि रेगर, एकाच जांभळ्या-पांढऱ्या रंगात. जेफरसनवर होता डेरियस स्ले, ८५ व्या निवडीचा. त्याने जेफरसनला ६ झेल आणि ४८ यार्डांवर अडकवलं आणि त्याच्याकडे आलेले दोन चेंडू मध्येच पळवले. ईगल्स २४-७ ने जिंकले.

सामन्याच्या दुसऱ्या चतुर्थांशात हर्ट्स मागे सरकला आणि त्याने चेंडू उंच, लांब सोडला. सगळ्या बचावफळीच्या मागे एक माणूस एकटाच पळत होता. ५३ यार्ड, टचडाउन. डिशॉन जॅक्सन मारायचा अगदी तसला, एकविसाव्या निवडीने ज्याची वाट पाहिली होती तसला. जर्सीवर १६ नंबर होता: क्वेझ वॉटकिन्स, त्याच २०२० च्या ड्राफ्टमधला, सहाव्या फेरीतला, दोनशेवा.